तेवीस नंबरच्या सपाता

गेझा बुदायने पस्तीस वर्षांत पाठीवरून वर काय काय नेलं ते विचारू नका, काय नेलं नाही ते विचारा. बटाटे, पीठ, गॅसच्या टाक्या, बिअरची पिंपं हे तर रोजचंच. वरच्या घरातली ओतीव लोखंडाची चूल त्याने सुटी करून पाच खेपांत नेली. शिवणयंत्र नेलं, दोन दरवाजे नेले, आणि दाराबाहेर टांगलेली अठ्ठेचाळीस किलोची घंटा नेली तीही त्यानेच. निघण्याआधी खालच्या शेडमध्ये काट्यावर ओझं चढवायचं, आकडा मोठ्याने सांगायचा, लाकडी चौकटीचे पट्टे खांद्यांत अडकवायचे आणि चालू लागायचं. साडेतीन तास चढ. वाटेत डोंगर फिरायला आलेले लोक भेटतात, ते कडेला सरकून हमालाला वाट देतात आणि नमस्कार करतात. ओझ्याखालच्या माणसाने उलट नमस्कार केला नाही तरी आमच्याकडे कोणी मनाला लावून घेत नाही.

वरचं घर म्हणजे खिंडीखालचं ते दगडी घर. नकाशात त्याला भलंमोठं नाव आहे, पण ते नाव घेणारा माणूस परगावचा हे आम्ही लगेच ओळखतो. माळ्यावर चोवीस जण झोपतात. माणसं संध्याकाळी येतात, आंबवलेल्या कोबीचं सूप पितात, खसखस घातलेले वाफवलेले कणकेचे गोळे खातात, रात्र काढतात आणि सकाळी खिंड ओलांडून पलीकडे उतरतात. घर गिर्यारोहकांच्या क्लबच्या मालकीचं. क्लब ते एकाला चालवायला देतो, आणि तो एक म्हणजे गेली तीस वर्षं ब्लाझेय.

या ब्लाझेयची बायको एका फेब्रुवारीत पोटदुखीने लोळायला लागली. अपेंडिक्स. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येईना. गेझाने चौकटीवर फळी बांधली, तिला कांबळ्यात गुंडाळून आपल्या पाठीला पाठ लावून बसवलं, आणि गुडघाभर बर्फातून दोन तासांत खाली उतरवलं. बाई वाचली. दवाखान्याच्या जिन्यात ब्लाझेय गेझाचे दोन्ही हात धरून रडला. म्हणाला, "गेझा, माझ्यानंतर घर तुझं. ही जीभ झडो, दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं तर."

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. दर वर्षी मोसम संपला की ब्लाझेय आलुबुखाराच्या दारूचा पेला पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "अजून एक वर्ष काढतो, मग तूच." गेझा म्हणायचा, "बघू." हे "बघू" त्याच्या तोंडात बसलं होतं. पोटात मात्र भलतंच चालायचं. गॅसची टाकी पाठीवर घेऊन चढताना तो मनातल्या मनात घराची कौलं बदलायचा, माळ्याचा जिना सरळ करायचा, बायकोला त्या गरम स्वयंपाकघरात बसवायचा. खालच्या त्यांच्या खोलीत कायम ओल. मार्गिताचे हात सांध्यांतून सुजायचे.

मार्गिता नवऱ्यासारखी घुमी नव्हती. ती एकदाच वर गेली होती, आणि गेली ती माप घेऊनच आली. स्वयंपाकघराच्या दोन खिडक्यांना तिने लाल चौकड्यांचे पडदे शिवले, इस्त्री करून ट्रंकेत ठेवले. नऊ वर्षं ते पडदे ट्रंकेत होते. दर वसंतात ती ते उन्हात टाकायची. शेजारणी विचारायच्या, "काय गं, लागले का पडदे?" ती म्हणायची, "लागतील. तुमच्या जिभेला आधी कुलूप लागू दे."

आता घंटेचं आणि सपातांचं सांगायला हवं. घरात बूट घालून फिरायचं नाही. दारातच चोवीस खुंट्या आहेत, प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीला लोकरी सपातांचा जोड. पाहुणा आला की बूट काढायचे, यादीत आपल्या नावासमोर जो नंबर असेल त्या सपाता घालायच्या. अंधार पडताना घर सांभाळणारा खुंट्या बघतो. यादीतल्या कोणाच्या सपाता खुंटीवरच राहिल्या, तर तो माणूस अजून बाहेर आहे. हवा स्वच्छ असली तर तो कुठे तरी शेकोटी करून बसला असेल. धुकं असलं तर घंटा वाजवायची, सपाता खाली उतरेपर्यंत. ब्लाझेयच्याही आधी दोन विद्यार्थी घरापासून दोनशे पावलांवर गारठून मेले. तेव्हा घरात गाणी चालली होती म्हणे. तेव्हापासूनचा हा नियम. त्यात सूट नाही.

गेझाला मात्र पस्तीस वर्षांत कधी सपाता मिळाल्या नाहीत. हमालाला नंबर नसतो. तो स्वयंपाकघरात लोकरी मोज्यांवर फिरायचा.

त्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्लाझेयने त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, माझा गुडघा गेला. शनिवारी मी खाली, डॉक्टरकडे. घर तुझ्यावर. आणि ऐक, क्लबची तीन माणसं येणार आहेत, साध्या पाहुण्यांसारखी. तू कसं सांभाळतोस ते बघायला. ओळख दाखवू नकोस."

"आणि मग, काका?"

"मग काय मग? कागद तयार आहे. सही तेवढी राहिली."

ब्लाझेय हे बोलताना चुलीकडे बघत होता. गेझाला त्यात काही वाटलं नाही. हा माणूस आयुष्यभर बोलताना चुलीकडेच बघत आला होता.

शनिवारी पहाटे मार्गिताने त्याची दाढी स्वतः तपासली. "कानाखाली राहिलीय. कर नीट. आणि त्या लोकांसमोर 'बघू बघू' करू नकोस. तोंड उघड जरा. पस्तीस वर्षं घातलीस म्हणावं."

"ते काय मुलगी बघायला येतायत का?"

"तसंच समज. आणि हे लाव." तिने कागदात गुंडाळलेले पडदे त्याच्या हातात दिले.

"आधी मिळू तर दे!"

"लाव म्हणते ना. त्यांच्यात बाईमाणूस आहे. बाईच्या नजरेत भरतं असलं."

त्याने ते शर्टाच्या आत छातीशी ठेवले, ओझ्यात चुरगळू नयेत म्हणून. वर पोचल्यावर हात धुऊन लावले. स्वयंपाकघर एकदम कुणाचं तरी झाल्यासारखं दिसायला लागलं. तो दोनदा बाहेर जाऊन खिडकी बाहेरून कशी दिसते ते बघून आला. छप्पन्न वर्षांचा घोडा, पण नव्या नवरीसारखं चाललं होतं त्याचं.

दुपारी तीनला तिघं आली. पुढे इंजिनियर काल्मान, क्लबचा अध्यक्ष, चांगला रुंद माणूस. मागे होर्न्याकोवा बाई, आणि शेवटी धापा टाकत चष्मेवाला सचिव. गेझाने ओळख दाखवली नाही. फक्त नेहमीचा प्रश्न विचारला, "खालून काही निरोप?"

हा प्रश्न त्या दिवशी महत्त्वाचा होता. गुरुवारच्या वाऱ्यात फोनची तार तुटली होती, आणि तार तुटली की निरोप माणसांच्या तोंडी वर येतो. अमका येत नाही, तमक्याची आई आजारी, काहीही असो. खालून निघणारा निरोप घेतो आणि वर पोचला की आधी तो सांगतो, मग पाणी मागतो. कोणी निरोप पोटात ठेवला असं आमच्या डोंगरात कधी झालेलं नव्हतं.

काल्मानने दुसऱ्या दोघांकडे पाहिलं. बाई खाली वाकून बुटांची नाडी सोडत होती. ती नाडी काही सुटेना.

"नाही," काल्मान म्हणाला. "काही नाही."

चारला धुकं उतरलं. आमचं धुकं म्हणजे हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. सहा वाजेपर्यंत यादीतल्या तेवीस जणांपैकी बावीस माणसं आत आली होती. ओले बूट, ओल्या टोप्या, हसणं, चमच्यांचे आवाज. सूप चांगलं जमलं होतं. होर्न्याकोवा बाई स्वयंपाकघरात डोकावून गेली आणि म्हणाली, "पडदे काय सुंदर आहेत हो!" गेझाच्या मनात आलं, मार्गिता, तू जिंकलीस.

मग त्याने खुंट्या पाहिल्या. तेवीस नंबरच्या सपाता खुंटीवरच होत्या. यादीत तेविसासमोर लिहिलेलं, हलाय आर. अक्षर ब्लाझेयचं.

तो जेवणाच्या खोलीत आला. "हलाय कोणाबरोबर आहेत? हलाय? वाटेत कोणाला एकटा माणूस दिसला का?"

कोशित्सेहून आलेल्या एका मास्तरीणबाईने विचारलं, "तळ्याच्या बाजूने येणारा असेल का?" काल्मान गोळ्यावर साखर पेरत होता. ती त्याने दोनदा पेरली.

सचिव म्हणाला, "येत नसेल तो. हल्ली लोक जागा राखून ठेवतात आणि फिरकत नाहीत."

"ते खरंय, साहेब. हवा चांगली असली तर अशांना मी दोन शिव्या देतो आणि झोपतो. आज धुकं आहे."

त्याने बाहेर जाऊन घंटेची दोरी धरली. तीन ठोके, थांबणं, कान देणं. पुन्हा तीन. आत गप्पा मंदावल्या. पाऊण तासाने होर्न्याकोवा बाई शाल लपेटून दारात आली. "किती वेळ वाजवणार हो?"

"तो येईपर्यंत."

"आणि नाहीच आला तर?"

"असं कसं, बाई? यादीत नाव आहे ना त्याचं."

तिने काल्मानकडे वळून पाहिलं. काल्मानने मान किंचित हलवली, नको अशी. हे गेझाने पाहिलं, पण त्याला वाटलं, ती बाहेर यायला निघालीय आणि हा तिला थंडीसाठी अडवतोय. भला माणूस. आपण भला असलो की हा एक मोठा घोटाळा होतो, जगभरची माणसं भलीच दिसायला लागतात.

सात वाजले तेव्हा त्याचा जीव राहीना. तळ्याकडच्या वाटेवर एक जागा आहे, तिथे खुणेचा दगड दोन वर्षांपूर्वी कोसळला, नवखा माणूस तिथे हमखास उजवीकडे शिळांच्या खचात शिरतो. क्लबला त्याने तीनदा सांगून झालं होतं. त्याने कंदील घेतला, दोर घेतला. मास्तरीणबाई म्हणाली, "मी येते बरोबर."

"नको. एक हरवलाय तेवढा पुरे आहे." मग तो मुद्दाम काल्मानकडे गेला. मुद्दाम, कारण त्याला वाटलं, एवढं जोखमीचं काम अध्यक्षाच्याच हाती द्यावं. आणि खरं सांगायचं तर, घर कसं चालवतात ते त्यानेही जवळून पाहावं. "साहेब, तुम्ही घंटेपाशी थांबाल? दर पाच मिनिटांनी तीन ठोके. मी आवाजाच्या अंदाजाने परत येणार. तो सापडून घरात आला तर सलग वाजवत राहा, म्हणजे मला कळेल. पण थांबू नका. काही झालं तरी थांबू नका."

"हो हो," काल्मान म्हणाला. "जा तुम्ही."

आता बघा, तेव्हा तरी बोलायचं ना! तीन शब्द होते. तो येणार नाही. संपलं असतं. सूपही करपलं नसतं. पण माणूस एक साधी गोष्ट दुपारी लपवतो तेव्हा ती चिमटीएवढी असते. संध्याकाळी ती सांगायला निघालं की दुपारी का नाही सांगितली, हेही सांगावं लागतं. या तिघांना तेवढं नाक खाली करवलं नाही. त्यापेक्षा एका हमालाला धुक्यात सोडणं सोपं वाटलं.

गेझा निघाला. कोसळलेल्या खुणेपर्यंत त्याला दोनदा घंटा ऐकू आली. तो ओरडत होता, "हलाय! अहो हलाय! आवाज द्या!" उत्तर नाही. तो खचात शिरला, शिळांवरून हातापायांवर चालत प्रत्येक फटीत कंदील धरून बघायला लागला. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की घंटा ऐकू येत नाहीये.

आधी वाटलं, सापडला वाटतं. पण मग सलग का नाही वाजत? मग वाटलं, दोरी तुटली. मग वाटलं, घरात काही तरी झालं, आग, कोणी पडलं, काही तरी. घर आपल्यावर सोपवलंय आणि आपण इथे! तो घाईने वळला, आणि वळला ते नक्की कुठे वळला हे त्याचं त्यालाच कळेना. चार दिशांना चार सारखे पांढरे पडदे. पस्तीस वर्षं पायाखालची वाट, पण धुक्याला तुमची पस्तीस वर्षं माहीत नसतात. ओली शिळा सरकली. पाय फटीत गेला, अंग भलतीकडे पडलं, आणि उजव्या गुडघ्यात काही तरी लाकूड मोडावं तसं मोडलं. कंदील गडगडत गेला.

तो ओरडला. मग गप्प बसून घंटेची वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही.

शेवटी त्याला घरी आणलं ते वासाने. चुलीवर ठेवलेलं कोबीचं सूप करपायला लागलं होतं, आणि तो आंबट जळका वास वाऱ्याबरोबर खाली येत होता. त्या वासाच्या दिशेने तो कोपरांवर सरपटत निघाला. दोनशे पावलं असतील फार तर. त्याला दीड तास लागला.

दार ढकललं तेव्हा खोलीत धूर होता, कोणीतरी खिडकी उघडून भांडं बाहेर ठेवलं होतं. बरेच जण माळ्यावर गेले होते. काल्मान आणि सचिव चुलीशी पत्ते खेळत होते. मास्तरीणबाई किंचाळलीच, "देवा! अहो, यांना धरा!"

गेझाने पहिला प्रश्न विचारला, "आला का तो?"

त्याने खुंटीकडे पाहिलं. तेवीस नंबरच्या सपाता तिथेच.

"घंटा का थांबली, साहेब?"

काल्मानने पत्ते पालथे ठेवले. "हात गारठले हो. आणि आम्हाला वाटलं, इतक्या उशिरा आता कोण येणार..."

मास्तरीणबाई संतापून म्हणाली, "पण तुम्हीच आम्हाला म्हणालात ना, आता गरज नाही म्हणून? मला वाटलं, गेझाबाबा परत आले!"

"मी बाहेर होतो ना," गेझा म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं. "साहेब, मी बाहेर होतो."

मास्तरीणबाईने त्याचा पाय फळीला बांधला. तो म्हणाला, मला दारापाशी बटाट्याच्या पेटीवर बसवा. आणि बसल्या बसल्या त्याने दोरी हातात घेतली. उजाडेपर्यंत तो वाजवत होता, जो माणूस तिथे नव्हताच त्याच्यासाठी. मास्तरीणबाई मधूनमधून दोरी घ्यायची. माळ्यावर तिघं जण पांघरुणात ते ठोके ऐकत पडली होती. एकदा होर्न्याकोवा बाई सपाता फरफटत खाली आली. "अहो, झोपा आता. ऐका माझं."

"पाहुणा बाहेर आहे, बाई."

तिने तेवीस नंबरच्या खुंटीकडे पाहिलं. आणि वर निघून गेली.

सकाळी आकाश असं निळं, की कालचं कोणाला खरं वाटू नये. नऊच्या सुमारास इम्रो आला. इम्रो म्हणजे गेझाच्या हाताखाली तयार झालेला दुसरा हमाल, चाळिशीचा, तोंडाने फटकळ. त्याच्या चौकटीवर पिठाची पोती आणि त्यांच्यावर एक कोरी करकरीत निळी पिशवी. त्याच्या शेजारून रिकाम्या हाताने चालत एक तरुण आला, ताज्या दाढीचा, नवे बूट.

इम्रोने ओझं टेकलं आणि गेझाचा पाय पाहिला. "अरे बाप रे! दादा, हे काय?"

"पाहुणा हरवला. शोधायला गेलो होतो. हलाय म्हणून कोणी."

इम्रो त्याच्याकडे बघतच राहिला. "हलाय? हा काय हलाय! राडोस्लाव हलाय. काल खाली हॉटेलात होता रे माझ्यासमोर, बदक खात. म्हणाला, ढग दिसतायत, उद्या जाऊ. या साहेबांकडे निरोप दिला होता त्याने, शेडपाशीच, माझ्या कानांनी ऐकलं मी!"

तरुण संकोचून हसला. "हो, मी सांगितलं होतं त्यांना. पोचला नाही का निरोप?" त्याने सवयीने बूट काढले, यादीत बोट फिरवलं आणि तेवीस नंबरच्या सपाता खुंटीवरून उतरवून पायात घातल्या.

गेझा त्या सपातांकडे बघत होता. मग न्याहारीच्या टेबलाकडे. मास्तरीणबाईच्या हातातला चहा निवत होता, बाकीचेही खायचे थांबले होते.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

काल्मान उठून जवळ आला, आवाज खाली आणून बोलायला लागला. "हे बघा बुदाय, गैरसमज नको. ब्लाझेयच्या बहिणीचा मुलगा हा. हॉटेलचं शिक्षण घेतलंय. घर त्याला द्यायचं ठरलंय. ब्लाझेयनेच शिफारस केली, जुलैमध्ये. काल आम्ही त्याला घर दाखवायलाच येणार होतो. आता तुमच्यासमोर त्याचं नाव काढलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. कालची रात्र तुम्ही घर सांभाळायचं होतं. आम्ही म्हटलं, उद्या ब्लाझेय स्वतः सांगेल. तुमच्या भावनांचा विचार केला आम्ही."

"भावनांचा," गेझा म्हणाला.

"तुमची हमाली चालूच राहील. त्याची अजिबात काळजी करू नका."

इम्रो थुंकला. "कसली हमाली? डोळे फुटलेत का तुमचे? या गुडघ्याने तो आता जिना चढला तरी मिळवलं!"

होर्न्याकोवा बाई रडायला लागली. तिचं रडणं खरं असेल, नसेल, कोणाला काय त्याचं? रात्रभर ते घंटेच्या आवाजात बुडवून ठेवलं होतं तिने.

राडोस्लाव बिचारा स्वयंपाकघरात सटकला. वाईट मुलगा नव्हता तो. त्याला वाटलं असेल, काही तरी चांगलं बोलावं. आतून म्हणाला, "पडदे मस्त आहेत हां. हे राहू द्यात."

तेव्हा मात्र गेझाचा आवाज चढला. पस्तीस वर्षांत त्या घराने तो आवाज ऐकला नव्हता. "इम्रो! काढ ते. दोन्ही काढ. बांध माझ्या पायाला!"

"दादा, पट्टी आहे की पेटीत."

"पडदे काढ म्हणतो ना!"

इम्रोने पडदे काढले, फळीवरून घट्ट गुंडाळले, गाठी मारल्या. मग पीठ उतरवलं, निळी पिशवी दाराबाहेर भिरकावली, चौकटीवर फळी बांधली. हेलिकॉप्टर बोलवायला तार नव्हतीच. आणि असती तरी गेझाने नको म्हटलं असतं. त्याला इम्रोच्या पाठीला पाठ लावून बसवलं, कधी काळी त्याने ब्लाझेयच्या बायकोला बसवलं होतं तसंच. असं बसलं की तोंड मागे होतं, चढाकडे. त्यामुळे सगळी वाट वरचं घर त्याच्यासमोर लहान लहान होत गेलं. डोळे मिटून घेतले असते तर बरं, पण त्याने मिटले नाहीत.

अर्ध्या वाटेत क्लबची तिघं मागून आली. ती भरभर उतरत होती. ओझं बघून रिवाजाप्रमाणे कडेला सरकून उभी राहिली. काल्मानने टोपीला हात लावला. इम्रोने वर पाहिलं नाही. गेझाने पाहिलं, पण ओझ्याने कशाला नमस्कार करायचा?

खाली गावात ब्लाझेयच्या स्वतःच्या घरावरून जाताना खिडकीतला पडदा हलला. दार उघडलं नाही.

मार्गिता शेडपाशीच होती. सकाळपासून उभी असणार, डोक्याला चांगला रुमाल बांधून, बातमी ऐकायला. वळणावर इम्रो दिसला तेव्हा तिने हात वर केला. मग चौकटीवर कोण बसलंय ते दिसलं. ती धावत आली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही, तिची नजर गुडघ्यावर गेली आणि तिथेच अडकली. लाल चौकड्या, त्यांवर वाळलेलं रक्त, शिळांचं हिरवं शेवाळ, आणि तिने बारीक टाक्यांनी दुमडलेली किनार. तिने ती किनार दोन बोटांत धरली. घराचं तिने काही विचारलं नाही.

"काय झालं?"

"पाहुणा बाहेर राहिला. शोधायला गेलो."

"मग? सापडला?"

इम्रोने त्याला अलगद काट्याशेजारच्या बाकावर उतरवलं. गेझाने पाय सरळ करायचा प्रयत्न केला, होईना.

"कोणी हरवलंच नव्हतं, मार्गिता," तो म्हणाला. "सगळे घरातच होते. बाहेर मी एकटाच होतो."